‘यंग कॅसिडी’: नाटककार व्हायला त्रेचाळीस वर्षं लागलेल्या माणसाची गोष्ट

‘यंग कॅसिडी’ हा १९६५ सालचा चित्रपट शॉन ओ’केसी या आयरिश नाटककाराच्या उमेदीच्या वर्षांवर आहे. पहिल्यांदा बघताना मी पार गोंधळून गेलो होतो. कामगारांवर पोलीस लाठ्या का चालवतायत? बंदुका घेऊन कवायत करणारी ही माणसं कुठल्या सैन्यातली? शेवटी नाट्यगृहात प्रेक्षक एवढे का भडकतात? आणि नायकाचं नाव ओ’केसी नसून कॅसिडी का? चित्रपट यातलं काहीच थांबून सांगत नाही. तेव्हाच्या इंग्रज-आयरिश प्रेक्षकाला ते तोंडपाठ होतं, आपल्याला नाही. मग मी ओ’केसीची नाटकं वाचली, आयर्लंडचा इतिहास वाचला आणि चित्रपट पुन्हा पाहिला. दुसऱ्या खेपेला तो आवडला, आणि पहिल्यापेक्षा जास्त खटकलाही. दोन्हींचं कारण त्या ‘यंग’ या शब्दात आहे, पण त्याकडे जरा वळसा घेऊन जावं लागेल.

आधी नावाचा घोळ निस्तरू. ३० मार्च १८८० रोजी डब्लिनमध्ये जन्मलेल्या या मुलाचं नाव जॉन केसी. तरुणपणी तो आयरिश भाषा शिकला, त्या चळवळीत पडला आणि आपलं नाव आयरिश पद्धतीनं लिहू लागला: शॉन ओ कॅहसी. नाटकं रंगमंचावर येताना त्याचं झालं शॉन ओ’केसी. पुढे उतारवयात त्यानं आत्मचरित्राचे सहा खंड लिहिले, तेही ‘मी’ न म्हणता. आपल्याच आयुष्याचा नायक त्यानं तृतीयपुरुषी केला आणि त्याला जॉनी कॅसाइड हे नाव दिलं. चित्रपट याच आत्मचरित्रावर बेतलेला असल्यामुळे कॅसाइडचा कॅसिडी झाला. म्हणजे खऱ्या माणसावर कल्पित नावाचं पांघरूण घालायची सुरुवात त्यानं स्वतःच केली होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण ‘चित्रपटात खरं किती’ असं विचारताना आपण मूळ आत्मचरित्र म्हणजे साक्षीपुरावा धरून चालतो. इथे मूळच नाटककाराच्या हातचं आहे. प्रसंग रंगवायची खोड त्याला आधीपासूनच होती.

आता घराकडे. आयरिश म्हणजे कॅथलिक, असं आपण सहसा गृहीत धरतो. केसी कुटुंब प्रोटेस्टंट होतं. डब्लिनमधले बडे जमीनदार, अधिकारी, बँकवाले बरेचसे प्रोटेस्टंट, त्यामुळे गरीब प्रोटेस्टंट हा प्रकारच अडनिडा. राज्यकर्त्यांच्या धर्माचा, पण राहायला कॅथलिक मजुरांच्या शेजारी. आईनं तेरा मुलांना जन्म दिला, जगली पाच. वडील गेले तेव्हा जॉन सहा वर्षांचा होता. त्यानंतर घर पायरी-पायरीनं खाली उतरत गेलं.

ते कुठे उतरलं, हे समजायला डब्लिनची ‘टेनेमेंट’ समजायला हवीत. आपल्याला चटकन चाळ आठवते, पण चाळ मजुरांसाठी म्हणूनच बांधलेली असते. डब्लिनची टेनेमेंट म्हणजे उमरावांचे जुने वाडे. १८०१ मध्ये आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट बंद होऊन कारभार लंडनला गेला, तसे सरदार-दरकदारही हळूहळू निघून गेले. मागे राहिल्या त्या चार-चार मजल्यांच्या हवेल्या, कोरीव छतं आणि रुंद जिने. मालकांनी त्या खोली-खोलीनं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. ज्या दिवाणखान्यात एके काळी नाचाच्या मैफली झडल्या, तिथे आता एक अख्खं कुटुंब चूल, खाट आणि दोरीवरच्या ओल्या कपड्यांसह राहत होतं. १९११ च्या जनगणनेत हेन्रिएटा स्ट्रीट या एका रस्त्यावरच्या पंधरा घरांत ८३५ माणसं नोंदली गेली. १९१३ च्या सप्टेंबरात चर्च स्ट्रीटवरची अशी घरं कोसळली आणि सात जण दगावले. ओ’केसीच्या गाजलेल्या नाटकांमधलं घर म्हणजे हेच. पात्रं सतत एकमेकांच्या खोल्यांत का शिरतात, सगळ्यांना सगळ्यांचं कसं माहीत असतं, याचं उत्तर या भिंतींमध्येच आहे.

मुलाला लहानपणीच खुपऱ्या झाल्या. पापणीच्या आतल्या बाजूला खरखरीत दाणे येतात, डोळा मिटला की ते बुबुळावर घासतात. उजेड सहन होत नाही, पाणी गळत राहतं, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की नजरच मंदावते. म्हणून डोळ्यांवर पट्टी, दवाखान्याच्या चकरा आणि शाळेत कायमचा खाडा. तो रीतसर शिकलाच नाही म्हटलं तरी चालेल. बराच मोठा झाल्यावर घरातल्या पुस्तकांवरून त्यानं स्वतःला वाचायला शिकवलं, त्यात बायबल होतं आणि शेक्सपियर होता. थोरला भाऊ आर्ची हौशी नट. त्याच्यामागे हाही नाटकात शिरला आणि मेकॅनिक्स थिएटर नावाच्या साध्याशा नाट्यगृहात त्यानं एक भूमिकाही केली. पुढे याच जागेवर अ‍ॅबी थिएटर उभं राहिलं. ज्या नाट्यगृहानं त्याला नाटककार केलं, त्याच्या जागेवर तो पोरवयात पात्र म्हणून उभा राहिला होता.

चौदाव्या वर्षापासून मजुरी. त्यातली नऊ वर्षं रेल्वेवर, फावडं आणि टिकाव घेऊन.

चित्रपट सुरू होतो १९११ मध्ये. म्हणजे मी आतापर्यंत सांगितलं ते जवळजवळ सगळं सुरुवातीच्या श्रेयनामावलीच्या आधीच घडून गेलेलं आहे. पडद्यावर दिसतो तो रॉड टेलर. रुंद खांदे, भक्कम मनगटं, दणदणीत हसू. तो ऑस्ट्रेलियन नट आहे, आणि काम मनापासून करतो. पण खऱ्या ओ’केसीचे फोटो काढून शेजारी ठेवा. किडकिडीत बांधा, लांबट चेहरा, गोल चष्म्यामागे आजारी डोळे, डोक्यावर टोपी. पडद्यावरच्या माणसाच्या मुठीत ताकद आहे. खऱ्या माणसाची सगळी झटापट अक्षरं दिसण्यासाठी होती.

१९११ साली ओ’केसी ३१ वर्षांचा होता, टेलर चित्रीकरणाच्या वेळी ३४ चा. तिथवर ठीक. पण चित्रपट १९२६ पर्यंत जातो, आणि तोवर ओ’केसी ४६ वर्षांचा झालेला असतो. कॅसिडी मात्र तितकाच तरुण राहतो. चरित्रपटाला दोन तास असतात, त्याला पंधरा वर्षं आवळून बांधावीच लागतात, हे मला मान्य आहे. पण हा माणूस घडला तोच मुळात उशिरा. पहिलं नाटक रंगमंचावर आलं तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता, आणि त्यानंतरही काही काळ मजुरी चालूच होती. हा उशीर कापला की नाटकं आकाशातून पडल्यासारखी वाटतात.

आता त्या लाठीमाराकडे येऊ. जिम लार्किन नावाच्या तडफदार पुढाऱ्यानं डब्लिनच्या अकुशल मजुरांची, म्हणजे गोदीवाले, गाडीवाले, हमाल यांची संघटना बांधली होती. तिच्यासमोर उभा होता विल्यम मार्टिन मर्फी. ट्राम कंपनी त्याची, वर्तमानपत्रंही त्याची. त्यानं ठरवलं, लार्किनच्या संघटनेतला माणूस कामावर ठेवायचा नाही. २६ ऑगस्ट १९१३ ला ट्राम कामगारांनी भर रस्त्यात गाड्या सोडून दिल्या. मग मालकांनी एकजूट केली आणि कामगारांपुढे कागद ठेवला: या संघटनेशी संबंध ठेवणार नाही असं लिहून द्या, नाहीतर घरी बसा. म्हणून हा संप कमी आणि टाळेबंदी जास्त. सुमारे वीस हजार मजूर कित्येक महिने बेकार राहिले. १९१४ च्या सुरुवातीला उपासमारीनं वाकून ते जमेल तसे परतले. चित्रपटातला दंगलीचा प्रसंग थरारक आहे, पण टाळेबंदीचा खरा मार लाठीचा नव्हता, रिकाम्या डब्याचा होता. ओ’केसी या लढ्यात लार्किनच्या बाजूनं होता, हातात लेखणी घेऊन.

पोलिसांपासून कामगारांचं रक्षण करायला त्या काळातच एक दल उभं राहिलं, ‘आयरिश सिटिझन आर्मी’. कवायत करणारी माणसं ती हीच. १९१४ मध्ये ओ’केसी तिचा सचिव झाला, तिची घटना लिहिण्यात त्याचा हात होता, आणि काही महिन्यांतच त्यानं राजीनामा दिला. कॉन्स्टन्स मार्कीविच या खानदानी बाईंचा राष्ट्रवादी स्वयंसेवकांच्या गोटाशीही संबंध होता. त्यांनी एक काहीतरी निवडावं, असा ठराव त्यानं मांडला आणि तो हरला. वरवर हे व्यक्तींचं भांडण दिसतं, पण आतला प्रश्न मोठा होता. देश आधी की भाकरी आधी? मजुरांचं सैन्य झेंड्याच्या लढाईत वाहून गेलं तर मजुरांचं काय, ही त्याची धास्ती होती.

१९१६ च्या ईस्टरला नेमकं तेच झालं. जेम्स कॉनॉली आणि पॅट्रिक पिअर्स यांच्या नेतृत्वाखाली हजार-दीड हजार माणसांनी डब्लिनमध्ये उठाव केला, प्रजासत्ताक जाहीर केलं. आठवड्याभरात इंग्रजांनी तो चिरडला. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त रस्त्यावरची साधी माणसं होती. मग नेत्यांना एकामागून एक गोळ्या घातल्या गेल्या. जखमी कॉनॉलीला उभं राहता येत नव्हतं, त्याला खुर्चीत बसवून मारलं. त्या गोळ्यांनी लोकमत फिरलं आणि उठाव करणारे हुतात्मे झाले. ओ’केसी लढणाऱ्यांत नव्हता. त्यानं हे सगळं टेनेमेंटच्या बाजूनं पाहिलं, आणि दहा वर्षं मनात ठेवलं.

मधल्या काळात आई गेली, १९१८ च्या अखेरीस. हा चित्रपटाचा सगळ्यात खरा भाग, असं मला वाटतं. फ्लोरा रॉबसननं आई फार कमी शब्दांत उभी केली आहे. मुलगा कुठे निघाला हे तिला कळत नाही, पण तो निघालाय एवढं कळतं. खऱ्या आयुष्यात ओ’केसीनं सिटिझन आर्मीचा छोटासा इतिहास लिहिला होता. त्याचे त्याला पंधरा पौंड मिळाले, लेखणीची पहिली म्हणावी अशी कमाई. ती आईच्या अंत्यविधीत गेली. १९१९ मध्ये पुस्तक छापून आलं, त्यावर त्याच्या नावाचं आद्याक्षरही चुकलेलं होतं. ‘एस’च्या जागी ‘पी’. पुढे त्याचं सगळ्यात वादग्रस्त नाटक त्यानं तिलाच अर्पण केलं. अर्पणपत्रिकेत तिच्या मृत्यूचा शोक नाही, मरणाच्या दारातलं तिचं खळखळतं हसू आहे.

अ‍ॅबी थिएटर १९०४ मध्ये सुरू झालं. कवी डब्ल्यू. बी. येट्स आणि लेडी ग्रेगरी या त्याच्या मागच्या मुख्य व्यक्ती. आयर्लंडचं स्वतःचं नाट्यगृह, ही कल्पना. (१९१३ मध्ये येट्सच्याच उत्साहामुळे इथे रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ इंग्रजीत झालं होतं.) ओ’केसीनं पाठवलेली आधीची नाटकं इथून परत आली. पण नकार देताना लेडी ग्रेगरींनी त्याला एक गोष्ट सांगितली, की तुमची ताकद माणसं रंगवण्यात आहे, तिथे लक्ष द्या. तोवर तो नाटकातून मतं मांडत होता. त्यानंतर तो शेजाऱ्यांना बोलू देऊ लागला. इडिथ इव्हान्सनं चित्रपटात लेडी ग्रेगरी साकारली आहे. रुबाब आहे, माया आहे, आणि मजुरासमोर बसताना तिळभरही संकोच नाही. येट्सच्या भूमिकेत मायकेल रेडग्रेव्ह.

पहिलं नाटक ‘द शॅडो ऑफ अ गनमन’, एप्रिल १९२३. टेनेमेंटमधल्या एका कवीला शेजारी क्रांतिकारक समजतात, त्यालाही ते सुखावतं, आणि या खोट्या मोठेपणाची किंमत एक साधी मुलगी जीव देऊन चुकवते. बाहेर यादवी युद्ध चालू होतं, इंग्रजांशी झालेल्या तहावरून आयरिश माणसंच एकमेकांशी लढत होती. कार्यक्रमपत्रिकेत छापावं लागलं, की गोळीबाराचे आवाज नाटकाचाच भाग आहेत. पुढच्या मार्चमध्ये ‘जुनो अँड द पेकॉक’ आलं, तुफान चाललं. कामचुकार, बढाईखोर नवरा आणि घर पेलणारी जुनो. शेवटी ती बाहेर पडते, आणि उधारीवरचं सामान उचलून नेल्यामुळे रिकाम्या झालेल्या खोलीत नवरा दारू पिऊन झुलत येतो, जगाचं काही खरं नाही म्हणतो. आपला मुलगा गोळ्या घालून मारला गेलाय हे त्याला माहीतच नाही. हसू आणि हुंदका एकाच घशात अडकवणारी ही जागा मी कितीदा वाचली, मोजलेलं नाही.

मग आलं ‘द प्लाउ अँड द स्टार्स’, ८ फेब्रुवारी १९२६. सिटिझन आर्मीच्या झेंड्यावर नांगर होता आणि त्यावर सात तारे. आयर्लंडमध्ये ज्याला नांगर म्हणतात ते नक्षत्र म्हणजे आपले सप्तर्षी. शेतातलं आजचं काम आणि आकाशातलं उद्याचं स्वप्न एकाच कापडावर. नाटकाचा दुसरा अंक दारूच्या गुत्त्यात आहे. खिडकीबाहेर सभा चालू आहे. वक्ता दिसत नाही, काचेवर त्याची सावली पडते आणि आवाज आत येतो. रक्त सांडण्यानं राष्ट्र शुद्ध होतं, असं तो सांगतोय. ही वाक्यं पिअर्सच्याच भाषणांतली. आत रोझी रेडमंड नावाची वेश्या कुरकुर करतेय, की या देशप्रेमापायी आज गिऱ्हाईकच नाही. दोन शेजारणी एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या बेतात आहेत. आणि मग गणवेशातली माणसं तोच झेंडा घेऊन एक-एक पेला घ्यायला आत येतात. पुढच्या अंकात उठाव सुरू होतो, तेव्हा याच बायका बाबागाडी घेऊन फुटलेली दुकानं लुटायला धावतात.

प्रेक्षागृहात कोण बसलं होतं? उठावाला दहा वर्षंही झाली नव्हती. मारल्या गेलेल्यांच्या आया आणि विधवा हयात होत्या. १९१६ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमानं ज्यांच्या निःशस्त्र नवऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या, त्या हॅना शीही-स्केफिंग्टन निषेधात पुढे होत्या. मला त्यांचा राग खोटा वाटत नाही. ज्या झेंड्यासाठी घरचं माणूस गेलं, तो गुत्त्यात वेश्येच्या शेजारी बघायचा? पण ओ’केसीचंही माणूस त्या गुत्त्यातच राहत होतं. झेंडा गुत्त्यात नेऊन त्याला अपमान करायचा नव्हता. स्वातंत्र्याच्या भाषणात रोझी कुठे आहे, एवढंच तो विचारत होता. ११ फेब्रुवारीला दंगा झाला, माणसं रंगमंचावर चढली, नट आणि प्रेक्षकांत गुद्दागुद्दी झाली. येट्स पुढे आला आणि म्हणाला, तुम्ही पुन्हा स्वतःची नाचक्की करून घेतलीत. ‘पुन्हा’ यासाठी, की १९०७ मध्ये जे. एम. सिंजच्या नाटकाच्या वेळी याच नाट्यगृहात असाच गोंधळ झाला होता. गलक्यात त्याचं भाषण कुणाला धड ऐकूही आलं नाही. चित्रपटातला हा प्रसंग उत्तम उतरलाय, पण तो बघताना आपली सहानुभूती आपसूक रंगमंचाकडे जाते. एक डोळा खुर्च्यांमधल्या त्या बायकांवरही ठेवा.

चित्रपटातल्या दोन तरुणींबद्दल थोडक्यात. ज्युली ख्रिस्तीची डेझी म्हणजे देहाची ओढ, आणि मॅगी स्मिथची पुस्तकाच्या दुकानातली नोरा म्हणजे मनाची. मॅगी स्मिथ आपल्याकडे हॅरी पॉटरमधली कडक शिक्षिका म्हणून ठाऊक आहे, तिचं हे तरुणपणचं हळुवार काम आवर्जून बघावं. पण ही चरित्रपटाची नेहमीची युक्ती आहे, आयुष्यातली गुंतागुंत दोन चेहऱ्यांत वाटून टाकायची. खरी नोरा, म्हणजे मॉयरा कीटिंग, कॅथलिक शिक्षिका होती. धर्माची ती भिंत पडद्यावर फार पुसट झाली आहे.

चित्रपट घडतानाची कहाणीही जोडून बघण्यासारखी आहे. दिग्दर्शन जॉन फोर्ड करणार होता, वेस्टर्न चित्रपटांचा बादशहा आणि आयरिश वंशाचा. १९३६ मध्ये त्यानं ‘द प्लाउ अँड द स्टार्स’वर चित्रपटही केला होता. या वेळी थोडं चित्रीकरण झालं आणि तो आजारी पडला. उरलेला चित्रपट जॅक कार्डिफनं पूर्ण केला, मूळचा जगप्रसिद्ध छायालेखक. म्हणून काही ठिकाणी फोर्डचा धसमुसळा मर्दानी बाज जाणवतो आणि काही ठिकाणी उजेड-सावलीचा नाजूक खेळ.

शेवटी कॅसिडी आयर्लंड सोडतो. अपमान गिळून, एकटा, बोटीनं. खरा ओ’केसी १९२६ च्या वसंतात लंडनला गेला तो ‘जुनो’ला मिळालेलं हॉथॉर्नडेन पारितोषिक घ्यायला, शंभर पौंडांचं. तो तिथेच राहिला. १९२७ मध्ये आयलीन कॅरी या नटीशी लग्न केलं. १९२८ मध्ये त्यानं पहिल्या महायुद्धावरचं ‘द सिल्व्हर टॅसी’ हे नवं नाटक अ‍ॅबीला पाठवलं. ते परत आलं. त्याच्यासाठी दंगलीसमोर उभा राहिलेला येट्सच या वेळी नको म्हणाला होता. चित्रपटातली बोट सुटते तेव्हा हे काहीच घडलेलं नसतं, आणि आत्मचरित्राचा पहिला खंड यायलाही अजून तेरा वर्षं असतात. १८ सप्टेंबर १९६४ ला इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉर्कीला ओ’केसी वारला, ८४ वर्षांचा होऊन. त्याच्या तरुणपणाचा चित्रपट पुढच्या वर्षी लागला.